शिरा ढवळणारी बाई

आयुष्यात माझा एकच फोटो छापून आला, तोही दोन देशांत, आणि त्यात मी शिरा ढवळते आहे.

त्या वेळी मी रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होते. हे पहिल्या दमात सांगून टाकते, कारण ज्यांनी तो फोटो छापला त्यांना पानभर मजकुरात एवढं सांगायला जागा मिळाली नाही. शिऱ्यात वेलदोडा घातला होता हे मात्र त्यांनी आठवणीनं छापलं.

साल एकसष्ट. आम्ही जर्मनीत, लुडविग्सहाफेनला राहत होतो. हे तिथल्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. मी रोज सकाळी ट्रामनं ऱ्हाइन ओलांडायची, पुढे आगगाडी धरायची आणि विद्यापीठात जायची. सुती धाग्यावर बसलेला रंग उन्हात का विटतो, यावर माझं काम चाललं होतं. शिष्यवृत्ती माझी होती. यांना तिथली नोकरी नंतर लागली. म्हणजे जर्मनीला मी यांना घेऊन गेले होते, यांनी मला नेलं नव्हतं. पण निघायच्या आधी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सासरी सांगितलं जायचं, "आमचा मुलगा सुनेला परदेशी नेतोय," आणि मी खाली मान घालून चहाचे कप फिरवायची. त्या खाली घातलेल्या मानेचा मला आजही राग येतो.

जर्मनीत तेव्हा बाईनं कसं असावं हे शिकायला शाळेत जावं लागत नव्हतं. ट्रामच्या थांब्यावर उभं राहिलं की पुरे. समोरच्या भिंतीवर एक चवळीची शेंग हातात केक घेऊन उभी, आणि दारातून आत येणाऱ्या नवऱ्याकडे अशी बघतेय जणू तो लढाई जिंकून आलाय. शेजारी साबणाची जाहिरात. नवऱ्याचा सदरा पुरेसा पांढरा निघाला नाही म्हणून तिथली बाई डोळ्यांना रुमाल लावून बसली आहे. रडण्याइतकं काय झालं होतं? सदराच तर होता! मी रोज तिच्याकडे बघून मनात म्हणायची, बाई गं, फेक तो सदरा त्याच्या अंगावर आणि चल माझ्याबरोबर.

हसण्यावारी नेता येईल असं ते नव्हतं. आमची घरमालकीण लढाईच्या दिवसांत ट्राम चालवायची. वरून बॉम्ब पडायचे तरी चालवायची. नंतर गावभर पडक्या घरांच्या विटांचे ढीग झाले, ते उपसणाऱ्या बायकांतही ती होती. तिचे तळहात बघितले की ते कळायचं. मी एकदा विचारलं, "मग ट्राम का सोडलीत?" तर म्हणाली, "हो, पुरुष परत आले ना. मग आम्ही घरी गेलो. अगदी तसंच." आणि पुन्हा टीव्हीकडे वळली. टीव्हीवर एक बाई साच्यातलं पुडिंग बशीत उलटं करून दाखवत होती. ट्राम चालवणाऱ्या बाईचा फोटो मी तिथल्या एकाही साप्ताहिकात पाहिला नाही. पुडिंगवाल्या बायकांचे दर आठवड्याला असायचे. वर्षानुवर्षं तेच बघितल्यावर माणसाला वाटायला लागतं की आपण ट्राम चालवली ही अडचणीच्या दिवसांतली एक गोष्ट होती, चारचौघांत न काढण्यासारखी. हीच बाई मला दर महिन्याला विचारायची, "तुमचे यजमान तुम्हाला जाऊ देतात?"

आपल्याकडे काही वेगळं होतं अशा भ्रमात राहू नका. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर निरांजन घेतलेली बाई. दुसऱ्या अंकावर तीच बाई, फक्त निरांजनाऐवजी परडी. सिनेमात शिकलेली बाई आली की तिच्या डोळ्यांवर चष्मा, बोलणं उर्मट, आणि शेवटच्या रिळात चष्मा काढून ती नवऱ्याच्या पायाशी. मी चष्मा लावते. लग्नात माझ्या चुलतसासूबाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि सासूबाईंना विचारलं, "स्वभावाला बरी आहे ना?" मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

आता माझ्या नणंदेबद्दल सांगायला हवं, कारण यातलं खरं नुकसान तिचं झालं. लग्न होऊन मी सांगलीला गेले तेव्हा ती मॅट्रिकला होती. अंगणातल्या जास्वंदीच्या पाकळ्या उकळून ते पाणी मी तिला दाखवलं: लिंबू पिळलं की लाल, चुन्याची निवळी घातली की हिरवं. ती वेडी झाली. हळद, कोकम, काळी द्राक्षं, घरातली एकही वस्तू तिनं सोडली नाही. सासूबाई ओरडायच्या, "स्वयंपाकघर आहे का दवाखाना?" पण ओरडण्यात धार नव्हती. ती विज्ञानाला गेली, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षापर्यंत पोचली. मी जर्मनीला आल्यावर दर पंधरा दिवसांनी तिचं निळं हवाईपत्र यायचं. घरचा मजकूर मधल्या भागात आणि घडीच्या दुमडीवर बारीक अक्षरात रसायनशास्त्रातल्या शंका. तिला पुढे पुण्याला जाऊन एम.एस्सी. करायचं होतं. म्हणजे वसतिगृहात राहायचं. आमच्या घरातून कुठली मुलगी तोवर वसतिगृहात राहिली नव्हती.

घरात मामंजी "बघू" म्हणत आणि सासूबाई ठरवत. पण थोरल्या मुलाच्या शब्दापुढे सासूबाईही जात नसत. त्याचं पत्र आलं की त्या ते दोनदा वाचून घेत आणि मग तो विषय संपे. पुण्याचा विषय असा अधांतरी लोंबकळत होता, आणि त्याच वेळी ते साप्ताहिकवाले आले.

ते एक सचित्र साप्ताहिक होतं, केशकर्तनालयापासून दंतवैद्यापर्यंत सगळीकडे पडलेलं असायचं. त्यांची बातमीदार फेब्रुवारीत आमच्या प्रयोगशाळेत आली. परदेशातून येऊन संशोधन करणाऱ्या स्त्रियांवर लेख लिहायचा आहे, म्हणाली. बाई माझ्याच वयाची, आखूड केसांची, स्वतःची छोटी गाडी स्वतः चालवत आलेली. मला ती पाहताक्षणी आवडली. बाई आहे, स्वतःच्या पायावर उभी आहे, हिला समजेल, असं मला वाटलं. तिच्याबरोबर एक उंच, अबोल फोटोग्राफर होता, गळ्यात दोन कॅमेरे.

शनिवारी सकाळी दोन तास त्यांनी फोटो काढले. पदर खोचून, वर पांढरा कोट घालून मी ब्युरेटजवळ उभी. वर्णपट मोजायच्या यंत्राशी मी. विटलेल्या कापडाच्या पट्ट्या उजेडात धरून मी. तिनं प्रश्नही चांगले विचारले. रंग उडतो म्हणजे नेमकं काय होतं? निळा आधी का जातो? मी सांगत होते आणि ती भराभर लिहून घेत होती. मला इतका आनंद झाला होता की ब्युरेटजवळचा फोटो छापून आला की सांगलीला पाठवायचा, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं.

मग ती म्हणाली, "बरं तर, आता दोन मिनिटं तुमच्या घरी. वाचकांना घर बघायला आवडतं."

तिच्या गाडीतून आम्ही लुडविग्सहाफेनला आलो. हे घरीच होते. पाहुणे बसले. आणि इथे माझी चूक झाली. जर्मन माणूस न सांगता आला तर त्याला पाणीही विचारलं नाही तरी तो काही मनात आणत नाही. त्या दोघांनी काही मागितलंही नव्हतं. पण घरात आलेलं माणूस कोरड्या तोंडानं जातं आहे ही कल्पनाच मला करता येत नव्हती. घरून आणलेले पोहे केव्हाच संपले होते. ओटच्या चुऱ्याचे पोहे मी एकदा करून पाहिले होते, त्याची खळ झाली होती. रवा मात्र तिथे मिळायचा. ते लोक पोरांसाठी त्याची पातळ लापशी करतात. मी म्हटलं, "बसा हं, पाच मिनिटांत आलेच," आणि पदर खोचून शिरा करायला गेले. सकाळपासून माझ्या कामाबद्दल बोलायला आलेली माणसं बैठकीत, आणि मी कुणीही न सांगता आपणहून स्वयंपाकघरात!

लोण्यात रवा भाजल्याचा वास सुटला तसा तो अबोल फोटोग्राफर उठून दारात आला. "हे काय?" त्यानं विचारलं. सकाळपासून तो पहिल्यांदा बोलला. मी दुधाची धार सोडली, शिरा फुसफुसून वर आला, आणि तो लहान पोरासारखा दचकला. मला हसू आवरेना. कॅमेऱ्याचा आवाज मला ऐकू आला. ऐकू आला आणि मी काही म्हटलं नाही. लग्नघरात फोटोवाला हिंडत असतो, तसं वाटलं.

बाहेर ती बाई यांना विचारत होती, "तुमच्या पत्नी रोज स्वयंपाक करतात?"

हे म्हणाले, "प्रयोगशाळेतून आल्यावरसुद्धा! नशीबवान आहे मी."

आणि मला ते गोड वाटलं. शिऱ्यापेक्षा गोड वाटलं. काय म्हणावं मला? दोघांनी दोन-दोनदा शिरा मागून घेतला आणि ते गेले.

तीन आठवड्यांनी घरमालकीण अंक नाचवत जिन्यावरून वर आली. अख्खं पान. पानभर मी: पदर खोचलेला, हातात उलथनं, तोंडभर हसू. खाली ठळक अक्षरात, भारतीय अभियंत्याची रेशमी पत्नी त्याला रोज गोड खाऊ घालते. साडी सुती होती. मजकुरात आमच्या घरातल्या उदबत्तीचा वास होता, जी मी लावली नव्हती. माझ्या डोळ्यांतली नम्रता होती. वेलदोडा होता. आणि अगदी शेवटी एक वाक्य, कधीमधी ती एका प्रयोगशाळेतही मदत करते.

मदत करते! सहा वर्षं घासून, दोन परीक्षांत पहिली येऊन, परक्या भाषेत शिकून, थंडीत बोटं बधिर होईस्तोवर पट्ट्या धुऊन मी मदत करत होते. कुणाला? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तो अंक घरमालकिणीच्या देखत जमिनीवर आपटला. ती बिचारी घाबरली. "पण किती सुंदर दिसताय," म्हणाली. तेच तर! कुरूप दिसले असते तर निदान कुणी पान उलटलं असतं.

हे संध्याकाळी आले ते सहा अंक घेऊनच. "अगं, चिडतेस काय? झकास आलाय फोटो. घरी पाठवतो." मी म्हटलं, "पाठवू नका. यात माझ्या कामाचं एक अक्षर नाही." हे म्हणाले, "लोकांना कळतं गं." लोकांना काय कळतं ते मला दुसऱ्या दिवसापासून दिसायला लागलं. माझ्या टेबलावर कुणीतरी लाल फीत बांधून रव्याचं पाकीट ठेवलं होतं. गंमत म्हणून. सगळे हसले, मीही हसले, कारण न हसणाऱ्या बाईला विनोदबुद्धी नाही असं लगेच ठरतं. पुढच्या आठवड्यात बाहेरून एक प्राध्यापक आले. ओळख करून देताना माझ्या मार्गदर्शक गुरुजींनी कौतुकानं म्हटलं, "या आमच्या साप्ताहिकात झळकलेल्या बाई." पाहुण्यांनी झुकून नमस्कार केला आणि माझ्याच पट्ट्या हातात घेऊन प्रश्न विचारला तो माझ्या मागे उभ्या असलेल्या सहकाऱ्याला. तो माझ्याहून दोन वर्षं मागे होता. त्यानं उत्तरही दिलं. चुकीचं दिलं.

मी संपादकाला पत्र लिहायला बसले. शब्दकोश घेऊन, तीन खर्डे करून, एकही व्याकरणाची चूक राहू नये म्हणून पुन्हा पुन्हा तपासून. मी कोण, काय करते, शिष्यवृत्ती कुणाची, सगळं मुद्देसूद. दुरुस्ती छापा अशी मागणी केली.

संपादकाचं उत्तर यायच्या आत नणंदेचं हवाईपत्र आलं. यांनी पाठवलेला अंक मामंजींच्या एका स्नेह्यांनी पुण्याच्या एका साप्ताहिकाला दिला होता. त्यांनी तो फोटो महिलांच्या पानावर छापला, लोणच्याची कृती आणि विणकामाचा नमुना यांच्या मध्ये, आणि वर लिहिलं, जर्मनीतही चूल विसरली नाही. प्रयोगशाळेत मदत करते हे वाक्यही गाळलं. तेवढं तरी कशाला ठेवायचं!

नणंदेनं लिहिलं होतं: "वहिनी, आई तो कागद येईल त्याला दाखवते. मला म्हणाली, ती एवढी शिकली, सातासमुद्रापार गेली, शेवटी चुलीशीच आहे आणि बघ कशी सुखात हसते आहे. मग तू पुण्याला जाऊन काय दिवे लावणार? एक स्थळही सांगून आलं आहे. तुम्ही पत्र लिहिलंत तर आई म्हणेल, ही शिकलेल्यांची बाजू घेणारच. दादाला लिहायला सांगा. त्याचं एक पत्र आलं तर आई ऐकेल. जूनअखेर अर्ज द्यायचा आहे." दुमडीवर या वेळी एकही शंका विचारली नव्हती.

मी ते पत्र यांच्या हातात दिलं. यांनी वाचलं. "हुशार आहे पोरगी, शिकलीच पाहिजे," म्हणाले. "लिहितो. रविवारी निवांत बसून नीट लिहितो."

त्या रविवारी वोल्फ्सबुर्गहून यांचे मोटारीच्या कारखान्यातले मित्र आले. पुढच्या रविवारी ऊन पडलं म्हणून नदीकाठी फिरायला गेलो. त्याच्या पुढच्या रविवारी मी आठवण केली तर म्हणाले, "असं घाईघाईत लिहिण्यासारखं पत्र आहे का ते? आईला पटेल असं लिहायला हवं." यांचा विरोध असता तर मी भांडले असते. विरोध नव्हता. यांना बहिणीचं कौतुकच होतं. पुढे आणखी दोनदा आठवण केली, तेव्हा "किती कटकट गं," म्हणाले, आणि मी गप्प बसले. चांगल्या बायका कटकट करत नाहीत. हे मला कुठल्या भिंतीवर, कुठल्या मुखपृष्ठावर शिकवलं होतं कोण जाणे, पण मी ते पक्कं शिकले होते.

आणि खरं सांगायचं तर माझं लक्ष दुसरीकडे होतं. संपादकाच्या कचेरीतून उत्तर आलं होतं. आपल्या पत्राबद्दल आभार, अनेक वाचक भगिनींनी त्या गोड पदार्थाची कृती विचारली आहे, तरी प्रमाणासह कळवावी. मी इतकी पिसाळले की दुसऱ्याच दिवशी सुट्टी टाकून गाडीनं त्यांच्या गावाला गेले.

ती बातमीदार मला त्यांच्या इमारतीसमोरच्या कॉफीघरात भेटली. मला बघून तिचा चेहरा पडला. म्हणाली, "मी तुमच्या संशोधनावर चार पानं लिहिली होती. संपादकांनी विचारलं, रंग विटतो हे कोण वाचणार? फोटोंच्या ढिगातून त्यांनी तो एक उचलला आणि म्हणाले, हा लेख."

"मग तुम्ही नाही म्हणायचं होतं."

"नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणीतरी लिहिलं असतं. मला तिथे फक्त स्वयंपाकघर, मुलं आणि टोप्या देतात. मोठ्या विषयांना पुरुष आहेत."

तिचे डोळे भरून आले होते. इथे मी तिला माफ केलं असं लिहिलं तर छान वाटेल. मी नाही केलं. गाडी चालवणारी, स्वतः कमावणारी बाई होती ती, आणि उदबत्तीचा वास तिनंच घातला होता, संपादकानं नव्हे. मी म्हटलं, "दुरुस्ती छापल्याशिवाय मी इथून हलणार नाही." ती वर गेली, तासाभरानं खाली आली, आणि छापू म्हणाली.

तरी आणखी दोन पत्रं आणि एक फोन लागला. अखेर जूनच्या शेवटच्या आठवड्यात दुरुस्ती आली. शेवटच्या पानाच्या तळाशी, शब्दकोड्याच्या उत्तरांखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत दोन ओळी: अमुक अंकातील भारतीय महिला स्वतः रसायनशास्त्रात संशोधन करतात. मी त्या दोन ओळी कापल्या, कागदावर चिकटवल्या, लाल शाईनं अधोरेखित केल्या आणि त्याच दिवशी हवाई टपालानं सांगलीला धाडल्या. टपालकचेरीतून बाहेर पडताना मला वाटलं, जिंकले.

सांगलीत जर्मन कुणाला येत होतं? हे माझ्या मनातही आलं नाही. लाल रेघांचा तो कागद मामंजींनी उलटसुलट करून पाहिला आणि सुनेनं काहीतरी पाठवलंय म्हणून जपून ठेवला, असं मला नंतर कळलं.

यांनी पत्र लिहिलं जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. चांगलं लिहिलं होतं. मी वाचलं, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पोचायच्या आधी सासूबाईंचं पत्र आमच्याकडे आलं. नणंदेचं ठरलं होतं. पत्रात सासूबाईंनी आनंदानं लिहवून घेतलं होतं की मुलाकडची मंडळी बघायला आली तेव्हा तुझा फोटो त्यांना दाखवला, त्यांना फार आवडला. मुलाची आई म्हणाली, परदेशात राहून ज्या घरची सून अशी वागते, त्या घरची मुलगी डोळे मिटून करावी.

मी ते पत्र यांच्यापुढे धरलं. यांनी वाचलं आणि म्हणाले, "अरेरे. थोडा उशीर झाला." मग पत्राची घडी घालत, "पण स्थळ बरं दिसतंय."

लग्नाला आम्ही जाऊ शकलो नाही. माझी डॉक्टरेट झाली आणि तीन वर्षांनी आम्ही पहिल्यांदा घरी गेलो. नणंद मला भेटायला मिरजेहून माहेरी आली होती, कडेवर दीड वर्षांची मुलगी. सासरची माणसं वाईट नव्हती, नवरा शांत होता, तिला खायला-ल्यायला कमी नव्हतं. हे सगळं तिनं मी न विचारताच सांगून टाकलं. जेवणं झाल्यावर सगळे माजघरात बसलो होतो. भिंतीवर तो फोटो, पुण्याच्या साप्ताहिकातला, चौकटीत बसवलेला. मी त्याच्याकडे बघितलं आणि माझं तोंड सुटलं. संपादक कसा, ती बाई कशी, कृती कशी मागितली, मी गाडीनं कशी गेले, किती पत्रं लिहिली, शेवटी त्यांना कसं झुकवलं. चांगला पाऊण तास मी बोलत होते. माणसाला धड हसूही देत नाहीत, त्याचाही फोटो काढतात आणि दुसऱ्याच्या मानेवर सुरीसारखा ठेवतात, असं मी मोठ्या आवेशानं म्हटलं. सासूबाई थक्क होऊन ऐकत होत्या. हे सुपारी कातरत होते.

नणंद मुलीला थोपटत होती. माझं संपल्यावर ती म्हणाली, "वहिनी, त्या छापणाऱ्यांवर मी कधी रागावलेच नाही. त्यांना मी कोण, हे माहीतही नव्हतं. दादाला माहीत होतं. त्यानं ते पत्र जूनच्या आत लिहायचं होतं."

"मी लिहिलं होतं की," हे म्हणाले.

"जुलैत," ती म्हणाली. "आणि वहिनी, तुम्ही तीन महिने स्वतःचा फोटो दुरुस्त करत होतात."

मग मी यांच्याकडे वळले आणि सासू-सासऱ्यांच्या देखत, आयुष्यात पहिल्यांदा, ओरडले. तो रविवार काढला, नदीकाठ काढला, वोल्फ्सबुर्गचे मित्र काढले, "कटकट" काढली. एक पत्र, म्हटलं, एक पत्र लिहायला तुम्हाला बारा रविवार पुरले नाहीत, आणि मी तुमच्यासमोर कागद ठेवून, दाराला कडी लावून बसले नाही! माझा आवाज अंगणापर्यंत गेला असणार. मामंजी उठून बाहेर गेले. यांचा अडकित्ता हातातल्या हातात थांबला होता.

दम लागून मी थांबले तेव्हा नणंदेची मुलगी जागी होऊन रडायला लागली होती. नणंदेनं तिला उचललं, खांद्यावर घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे तेव्हा ओरडायचं होतं, वहिनी."